डावा हात सांभाळा



मोसंबीचा तोडा संपला की बदनापूरच्या शिवारात सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायचं काम निघतं. सल ठेवली तर बुरशी जिवंत फांदीत उतरते, म्हणून आपण थोडा हिरवा भाग धरून कापतो आणि त्यावर बोर्डो पेस्ट लावतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, हे प्रमाण बागायतदाराला तोंडपाठ असतं. झाडाच्या जखमेला इतकं जपणाऱ्या आपण करवत चालवणाऱ्या गड्याच्या हातालाही तितकंच जपलं पाहिजे.

छाटणीची करवत ओढताना कापते. काप धरण्याआधी दात सालीवरून सटकतात आणि पातं येतं ते फांदी धरलेल्या डाव्या हातावर. म्हणून सुरुवातीला करवत अगदी हलकी ओढा, आणि डावा हात कापापासून हातभर लांब ठेवा. झाडात जागा बदलताना पातं आधी मिटवा, मग पाय उचला.

मनगटाहून जाड फांदी असेल तर पहिला काप खालून घ्या, खोडापासून वीतभर अंतरावर, पाव जाडीपर्यंत. दुसरा वरून, त्याच्या किंचित बाहेर. फांदी पडली की उरलेला खुंट बुडाचा फुगीर भाग राखून कापा. खालचा काप न घेता वरूनच कापत गेलं, तर फांदी चिरते, साल खोडापर्यंत सोलते आणि लोंबती फांदी झोका घेऊन शिडीवर आदळते.

मोसंबी बुटकी, तिथं लांब दांड्याची करवत घेऊन जमिनीवरूनच बरंच काम होतं. फक्त फांदीच्या थेट खाली उभं राहू नका. बांधावरच्या कडूलिंबावर, बाभळीवर शेळ्यांच्या पाल्यासाठी चढणाऱ्यांनी वाळल्या फांदीवर भार देऊ नये. खाली सरपण वेचणाऱ्या बायका-मुलांना आधी लांब करावं. जवळून विजेची तार जात असेल तर झाडाला हात लावू नका. ओल्या फांदीतून वीज उतरते. महावितरणला 1912 वर कळवा, पुरवठा बंद झाल्याची खात्री करा, मगच चढा.

आणखी एक, बागमालकांना. झाडामागे उक्तं काम दिलं की घाई आलीच. करवतीचं काम रोजानंच द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

तरीही हात कापलाच, तर जखमेत हळद, माती काही भरू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा आणि 108 ला फोन लावा.