रुग्णालयाचा उंबरठा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



बाहेरगावाहून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णांच्या व त्यांच्या नातलगांच्या सोयीसाठी मंडळाने शहरात एक रुग्णनिवास बांधावा, असा ठराव आज आपल्यापुढे यावयाचा आहे. त्यावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली. मी वैद्य नव्हे, स्थापत्यविशारदही नव्हे. परंतु आप्तेष्टांच्या आजारपणात रुग्णालयांच्या व्हरांड्यांत ज्याने पुष्कळ रात्री काढल्या, असा एक गृहस्थ या नात्याने मी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याबाईंवर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. आदल्या रात्री त्यांना मंगळसूत्र काढून ठेवण्यास सांगण्यात आले. शस्त्रक्रियेत विजेवर चालणारी उपकरणे वापरतात आणि अंगावर धातू असल्यास त्वचा भाजण्याचा धोका असतो. तेव्हा ती सूचना योग्यच होती. परंतु तिचे कारण कोणी सांगितले नाही. भेटीची वेळ संपल्यामुळे यजमानांनाही आत येऊ दिले नाही. पन्नास वर्षांत जे गळ्यातून उतरले नव्हते, ते उशाशी ठेवून आत्याबाई रात्रभर रडत राहिल्या. सकाळी पाळीवर आलेल्या परिचारिकेच्या हे ध्यानात आले. तिने कारण समजावून दिले, काकांना आत बोलावून ते मंगळसूत्र त्यांच्या स्वाधीन केले आणि आत्याबाईंच्या मनगटावर हळदीत बुडवलेला सुती दोरा बांधला. नियम मोडला नाही आणि माणूसही मोडले नाही.

सज्जनहो, रुग्णालयाची रचना म्हणजे केवळ भिंती आणि खाटा नव्हेत. कोणाला कोठे थांबवावयाचे, कोणाला केव्हा आत सोडावयाचे, कोणत्या भाषेत बोलावयाचे, हे सारे त्या रचनेचेच भाग होत. आणि ही रचना रुग्णाच्या मनाला परकी वाटली, तर उत्तमातले उत्तम औषधही कपाटातच राहते.

आपल्याच इतिहासात याची साक्ष आहे. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्याच्या संकोचाने असंख्य स्त्रिया उपचारावाचून राहत. म्हणूनच अमेरिकेस निघण्यापूर्वी १८८३ साली श्रीरामपूर येथील भाषणात आनंदीबाई जोशी यांनी या देशाला स्त्रीवैद्यांची गरज असल्याचे प्रतिपादन केले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया व बालके यांच्यासाठी रुग्णालय सुरू झाले. तेथे उपचार करणाऱ्याही स्त्रियाच होत्या. स्त्रियांच्या संकोचाला अडाणीपणा म्हणून हिणवण्याऐवजी त्या संकोचाला सामावून घेणारे दार बांधले गेले, आणि त्या दारातून स्त्रिया आत आल्या.

दुसरे उदाहरण आपल्या काळातले, गडचिरोली जिल्ह्यातले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. मोठ्या रुग्णालयाची तुम्हांस भीती का वाटते, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे विचार करावयास लावणारी होती. त्या टोलेजंग इमारतीत वाट चुकते. तेथील भाषा कळत नाही. नातलगांना जवळ राहू देत नाहीत. डॉक्टर आणि परिचारिका पांढरे कपडे घालतात, आणि पांढरे वस्त्र तर प्रेतावर घालावयाचे असते! शिवाय त्या वास्तूत देव कोठेच नाही. ही उत्तरे हसण्यावारी न नेता त्यांनी शोधग्राम येथे झोपड्यांच्या घडणीचे रुग्णालय उभारले. तेथे रुग्णासोबत घरची माणसे राहू शकतात आणि त्या रुग्णालयास नावही दंतेश्वरी मातेचे आहे. भामरागडजवळ हेमलकसा येथे १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली; विश्वास तिच्याच मागून आला. या दोन्ही ठिकाणी शास्त्र तसूभरही सोडलेले नाही. सोडला तो केवळ शास्त्राचा ताठा.

येथे कोणी विचारील की, मग प्रत्येक रूढीपुढे मान तुकवावयाची काय? मुळीच नाही. बाळंतिणीचे पहिले चिकाचे दूध टाकून देण्याची चाल पुष्कळ घरांत होती; ती बाळाला घातकच आहे, कारण त्याच दुधात रोगाशी झुंजण्याची शक्ती असते. बंद खोलीत शेगडीचा धूर कोंडणे किंवा प्राणवायूच्या नळकांड्याजवळ निरांजन लावणे हेही सर्वस्वी वर्ज्य. परंतु ‘हे चालणार नाही’ असे दरडावणे वेगळे, आणि ‘आजी, बाळाला हे दूध पाजा, निरांजन मात्र बाहेरच्या देवळीत लावू’ असे सांगणे वेगळे. दुसऱ्या मार्गाने आजी आपल्या बाजूची होते.

आता आपल्या ठरावाकडे वळतो. नकाशा काढण्यापूर्वी, जे तेथे राहणार आहेत त्यांना विचारावे, ही माझी पहिली विनंती. पथ्याचे अन्न स्वतःच्या हाताने रांधता यावे म्हणून चुली स्वतंत्र असाव्यात; शाकाहारी मनुष्यास संकोच नको आणि मांसाहारी मनुष्यास अपमान नको. शौचकूप दोन्ही तऱ्हेचे असावेत. बाळंतिणींसाठी आडोशाची व उबेची खोली असावी, म्हणजे पाचवी-षष्ठीचा विधी ज्याला करावयाचा त्याला करता येईल. कोणत्याही एका देवाच्या तसबिरीवाचून एक शांत खोली असावी. तेथे कोणी जप करील, कोणी नमाज पढेल, कोणी नुसते डोळे टिपील. ज्यांच्या घरी मृत्यू ओढवला, त्यांना चार घटका एकांतात बसता यावे, अशीही एक जागा असावी.

दुसरी विनंती अधिक नाजूक आहे. आपल्या वर्गणीतून उभी राहणारी वास्तू ज्ञातिबांधवांपुरतीच असावी, असे काही ज्येष्ठांचे मत आहे. त्यांच्या आपुलकीविषयी मला आदर आहे. परंतु एखाद्याच्या चालीरीतींचा मान राखणे एक, आणि चालीरीतींच्या नावाखाली एखाद्याला दाराबाहेर ठेवणे दुसरे. पहिला धर्म आहे. दुसऱ्याला आपण फार दिवस धर्म म्हटले, ही आपली चूक. अस्पृश्यतेच्या कारणाने कोणालाही रुग्णालयात प्रवेश नाकारणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरविले. परंतु कायद्याच्या भीतीने उघडलेले दार आणि मनापासून उघडलेले दार यांतला फरक आजाऱ्याला तत्काळ कळतो.

आत्याबाईंच्या मनगटावर हळदीचा दोरा बांधणारी ती परिचारिका कोण, हे आम्ही त्या वेळी विचारले नाही. तिच्या गळ्यात क्रूस होता, एवढे मात्र मला स्मरते. हळदीचा दोरा तिच्या घरची रीत नव्हती. पण आत्याबाईंची होती, आणि तिला तेवढे पुरे झाले. तिच्या घरचे कोणी उद्या आजारी पडून आपल्या रुग्णनिवासाच्या पायरीशी आले, तर आपण त्यांना ज्ञाती विचारणार काय? ठरावावर मत देताना एवढाच प्रश्न आपण स्वतःला विचारावा, अशी हात जोडून प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.