योग्य वाटेल तेवढी रक्कम

स्वागताध्यक्षांनी आत्ताच अनुदानाबद्दल सरकारचे आभार मानले. मी मानणार नाही. पैसा आपला, सरकार नुसतं गल्ल्यावर बसलंय. 1999 साली वसंत बापट मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. सरकारी पैसा घेता आणि वर सरकारलाच बोलता, असं तेव्हा सत्तेच्या बाजूनं साहित्यिकांना हिणवलं गेलं. बापट गप्प बसले नाहीत.

पण आपलं ठीक आहे. अनुदान थांबलं तर आपण मांडव लहान घालू, बुंदीऐवजी शिरा वाढू. ज्याच्या पोराला कोठडीत मारलं, त्यानं काय करायचं? त्याच्यासाठी मुंबईत राज्य मानवी हक्क आयोग आहे. कायदा 1993 चा, आपला आयोग 2001 पासूनचा. तिथली फिर्याद पोलिसांवर, तुरुंगावर, सरकारी अधिकाऱ्यांवर. म्हणजे सामनेवाला बहुतेक वेळा राज्य सरकारच. आता कलम 33 ऐका: आयोगाला पैसा राज्य सरकार देईल. किती? सरकारला योग्य वाटेल तेवढा! फिर्याद ज्याच्यावर, दिवाबत्तीचा खर्चही त्याच्याच मर्जीवर. सचिव सरकारनं द्यायचा, तपासाला पोलीसही सरकारनंच द्यायचे. म्हणजे पोलिसांवरच्या तक्रारीचा तपास पोलीस करणार.

मी तीस वर्षं सरकारी कारकुनी केली. नको असलेलं काम कसं मारतात, हे मला शिकवू नका. नकार कुणी लिहीत नाही. 'आकृतिबंधास मान्यता नाही', 'लेखाशीर्षाखाली तरतूद शिल्लक नाही', 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे'. शेरा हिरव्या शाईत, अक्षर सुंदर. एका लघुलेखकाच्या पदासाठी आमच्याकडे एक फाईल इतकी फिरली, की ते पद मागणारा साहेब निवृत्त होऊन गेला.

आणि नागरिकाला मात्र मुदत आहे. घटनेला एक वर्ष उलटलं की कलम 36 प्रमाणे आयोगाला चौकशी करता येत नाही. रिकामी खुर्ची भरायला सरकारवर अशी मुदत कायद्यात नाही. म्हणून 2015 साली सर्वोच्च न्यायालयाला डी. के. बसू प्रकरणात सांगावं लागलं, की राज्यांनी आयोगांवरच्या रिक्त जागा तीन महिन्यांत भराव्यात. चार वर्षांनी संसदेनं कायदा दुरुस्त केला. त्यात काय केलं? अध्यक्षांची मुदत पाचाची तीन वर्षं केली, आणि फेरनेमणुकीचं दार उघडं ठेवलं. नेमणुकीची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोण? मुख्यमंत्री.

जनतेच्या पैशाचा हिशोब नको का, असं पुढच्या रांगेतून कुणी तरी पुटपुटलं. हवाच. कलम 35 प्रमाणे आयोगाचे हिशोब भारताचे महालेखापरीक्षक तपासतात, ते वर्षानुवर्षं तपासोत. माझं भांडण पैसा कसा खर्चला यावर नाही. तो किती द्यायचा हे सामनेवाल्यानं ठरवू नये, एवढंच मागणं आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतात; त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. तसाच आयोगाचा खर्च भारित करा.

संध्याकाळच्या ठरावांची यादी मी पाहिली. नाट्यगृह आहे, ग्रंथालयांचं अनुदान आहे. त्यात हा ठराव मी अध्यक्ष म्हणून घालतोय: कलम 33 मधले 'योग्य वाटेल तेवढी' हे शब्द काढावेत. सूचक मी. अनुमोदक हवाय. आमदारसाहेब, आपण पहिल्याच रांगेत आहात. माईक तिकडे द्या रे.