मिरज : उपचारांचं गाव

वैद्यकीय पर्यटन हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी मिरजेत ते सुरू झालं होतं. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय उभारलं. लोकांच्या तोंडी ते ‘मिशन हॉस्पिटल’. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारही बाजूंच्या रेल्वेमार्गांचं मिरज हे जंक्शन. त्यामुळे उत्तर कर्नाटकातला शेतकरी, कोकणातली आजी, सगळेच इथं येत राहिले. हळूहळू खासगी दवाखाने वाढले, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं.

आता यातलं अर्थकारण पाहा. पेशंट कधी एकटा येत नाही. सोबत मुलगा, सून, एखादा मामा असतो. त्यांना लॉज लागतो, खाणावळ लागते, रिक्षा लागते, औषधांचं दुकान लागतं. साधा प्रवासी दोन दिवसांत परततो. शस्त्रक्रियेनंतरचं कुटुंब आठवडा-आठवडा राहतं. परदेशी रुग्णांचंही तसंच. भारताच्या वैद्यकीय व्हिसावर रुग्णासोबत दोन नातेवाईक येऊ शकतात. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत त्यांच्यासाठी दुभाषे असतात. मिरजेत मात्र अनेकदा रिक्षावालाच पेशंटशी कन्नडमधून बोलतो, आणि त्या बोलण्यानं घाबरलेल्या माणसाला किती धीर येतो!

एक काळजी मनापासून वाटते. बाहेरून पैसा येतो म्हणून गावातल्या गरिबाची खाट मागे पडता कामा नये.

मिरजेला गेलात, आणि पेशंट बरा होत असेल, तर सतारमेकर गल्लीत जरूर डोकवा. भोपळ्यापासून तंबोरा घडताना तिथं पाहायला मिळतो.