खेळाचा तास



मी काही पैलवान नाही. मी निवृत्त हेडमास्तर. तरी व्यायामावर बोला म्हणून तुमच्या बाईंनी सांगितलं, म्हणून उभा राहिलो.

गेल्या साली अमरावतीहून एक मुलगी माझ्याकडे आली होती. शारीरिक शिक्षणाची विद्यार्थिनी. हातात छापील प्रश्नांचे कागद. लोक व्यायाम का करतात, का सोडतात, खेळून आल्यावर मनाला कसं वाटतं, हे ती गावोगाव विचारीत होती.

अमरावतीला हे वेड जुनं आहे. 1914 साली वैद्य बंधूंनी तिथं आखाडा काढला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. 1936 साली मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवून आलं. आज तिथं व्यायामाचं कॉलेज आहे.

तर त्या मुलीनं मला विचारलं, "गुरुजी, व्यायाम का सोडला?" मी म्हणालो, "वेळ मिळत नाही." निवृत्त माणूस अन् वेळ नाही! ती हसली नाही. गुपचूप लिहून घेतलं.

शेजारी एक सालदार उभा होता. तो म्हणाला, "आमाले कसरत कायले पाह्यजे? दिसभर वावरात राबतोच ना!"

त्याचं म्हणणं खोटं नाही. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटं तरी अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात शेतातलं कामही धरतात. लंडनच्या जेरेमी मॉरिस या डॉक्टरानं 1953 साली दाखवलं, की बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरापेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरला हृदयाचा विकार कमी होतो. पण गडी प्रामाणिक. पुढे गणवेशाची मापं तपासून त्यानंच सांगितलं, की ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कमरेनं जाड होते. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. अभ्यास असा करावा.

पण दिवसभर वाकून कापूस वेचला तर कंबर धरते, मन काही मोकळं होत नाही. खेळानं होतं. का? अमेरिकेत डेसी आणि रायन या दोघांनी माणसाच्या हौशीचा अभ्यास केला. ते म्हणतात, तीन गोष्टी लागतात. आपली मर्जी असावी, हे आपल्याला जमतं असं वाटावं, आणि सोबत आपली माणसं असावीत.

ती मुलगी निघताना म्हणाली, "मैदानावर येतात त्यांना सगळेच विचारतात. मला येणं सोडलेल्यांना विचारायचंय." त्या रात्री मला झोप आली नाही.

मी ज्या शाळेत होतो, तिथं परीक्षा जवळ आली की खेळाचा तास मी गणिताला देत असे. एका साली तो तास पूर्ण वर्षभर काढून घेतला. चौथीत एक पोरगा होता. गणितात कच्चा, पण खो-खोत त्याला कोणी शिवू शकत नसे. त्याला शाळेत जमणारी तेवढी एकच गोष्ट होती, अन् तीच मी काढून घेतली. दिवाळीनंतर तो आला नाही. मी हजेरीपटावर रेघ ओढली. घरी जाऊन विचारलं नाही.

अक्षरं तो विसरला. आता तो या वर्गात मागच्या रांगेत बसला आहे. नाव सांगत नाही. मघाशी मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी. आज डाव होईल का?"

तेव्हा वर्ग सुटला की सगळ्यांनी पटांगणात यावं. बायांनीही यावं, फुगडी घालता तेव्हा दम लागतोच की! चुन्यानं रेघा आखल्या आहेत. शिट्टी मी आणली आहे.