बालकांच्या प्रतिभेची जोपासना



मुलांच्या ठिकाणी असलेली निर्मितिशक्ती वाढवावयाची म्हटले, की साधने, पैसा व वेळ यांची अडचण सांगितली जाते. ही अडचण खरी आहे; परंतु तिच्यातूनही मार्ग निघतो, हे डहाणू तालुक्यातील एका कार्यावरून दिसून येते.

कै. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. कै. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्यास परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने व माती यांतूनच मोजण्याचे आणि रचण्याचे खेळ सिद्ध झाले. जी मुले बालवाडीत येऊ शकत नसत, त्यांच्या वस्तीतच अंगणवाडी भरू लागली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले व तेथे गुराखी मुलांकरिता कुरणशाळा निघाली.

गुरे राखणारे मूल मातीचे बैल घडविते, पानाची पिपाणी करते. तेच मूल वर्गात फळ्यावरील आंब्याची हुबेहूब नक्कल करू शकले नाही, की ‘मंद’ ठरते आणि हळूहळू शाळेस अंतरते. याच तालुक्यातील वारली चित्रकार कै. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रातील माणूस दोन त्रिकोण टोकास टोक लावून उभा राहतो. असा माणूस एखाद्या मुलाने पाटीवर काढला, तर ‘प्रमाण चुकले’ म्हणून तो पुसला जाण्याचाच संभव अधिक!

यास्तव शिक्षकाने काही पथ्ये पाळावीत. आठवड्यातून एक तास मुक्त चित्र, मातकाम वा गोष्टरचनेस द्यावा. विषय मुलांच्या नित्य जीवनातील असावा. मुलाच्या चित्रावर स्वतःची पेन्सिल चालवू नये. ‘यात काय काय आहे, ते सांग पाहू’ एवढेच विचारावे. गोष्ट प्रथम घरच्या बोलीत सांगू द्यावी. शुद्धलेखन मागाहून पाहावे. भिंतीवर निवडक चार नव्हे, तर सर्वांची चित्रे पाळीपाळीने लावावीत. पटसंख्या मोठी असल्यास वर्गाचे गट पाडून एकेका गटाकडे लक्ष द्यावे.

प्रत्येक मुलास काय उत्तम येते, याची एक ओळ वहीत टिपून ठेवावी. ज्या मुलाच्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही, त्याची ओळख शिक्षकास अद्याप झालेली नाही, असे समजावे आणि कामाचा आरंभ त्याच्यापासून करावा.