काळवंडलेला रुपया आणि त्याचे छायाचित्र



बोनस, संप किंवा कामगार-कायदा या विषयांवर बोलण्यासाठी आम्हांला पुष्कळ ठिकाणी बोलावतात. या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय आमच्यावरच सोपवला, आणि आम्ही निवडला तो असा: काळवंडलेल्या चांदीच्या रुपयाची प्रत नुसत्या छायाचित्रावरून कितपत ओळखता येते? कामगारसंघटनेच्या माणसाने रुपये मोजावेत, पारखण्याचा उद्योग त्याला कोणी सांगितला, असे काहींच्या मनात आले असेल. त्याचा खुलासा आधी करतो.

आमच्या कचेरीत निवृत्त कामगार येतात, त्यांच्या विधवा येतात, मुले येतात. काम असते फंडाचे किंवा ग्रॅच्युइटीचे. अलीकडे यांतल्या काहीजणांच्या हातात कागदांबरोबर मोबाइल असतो आणि त्यात एका काळ्या रुपयाचे चित्र असते. रुपया सासूच्या ट्रंकेत सापडलेला, नाहीतर देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाला ठेवला जाणारा. ते चित्र पाहून परगावच्या एका खरेदीदाराने सांगितलेले असते, "काळा पडलाय, वजनाचे पैसे देतो." दुसऱ्याने त्याच चित्रावरून भलामोठा आकडा फेकलेला असतो. दोघांनीही नाणे हातात घेतलेले नसते. चांदीचे मोल आणि संग्राहकाचे मोल यांतले अंतर कधी नगण्य, तर कधी कित्येक पटींचे असते. आणि समोरच्या बाईला मुलाची फी पुढच्या आठवड्यात भरायची असते. तेव्हा हा विषय आम्हांला शिकावाच लागला. आमची शाळा नववीत सुटली, त्यामुळे शिकणे म्हणजे एक भिंग, काही पुस्तके, आणि जुनी नाणी विकणाऱ्यांच्या दुकानांत तासन्‌तास काढलेली बैठक.

प्रथम रुपयाची ओळख करून घेऊ. १८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन ठरले, म्हणजे आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली आणि बाकीच्या निम्म्यात तांबे, निकेल व जस्त शिरले. १९४७ मध्ये तर रुपया निव्वळ निकेलचा झाला. म्हणून १९४० नंतरचा रुपया काळवंडतो तो बहुधा मळकट, तपकिरी. त्याआधीच्या रुपयावर जे रंग चढतात त्यांचा नूरच निराळा. आज आम्ही बोलणार आहोत ते या जुन्या, भरपूर चांदीच्या रुपयाबद्दल.

चांदी गंजत नाही, पण हवेतल्या गंधकाशी तिची गाठ पडते आणि पृष्ठभागावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो. पाण्यावर रॉकेलचा थेंब पडला की जसे रंग उमटतात तसेच रंग या पापुद्र्यामुळे दिसतात. ते रंगद्रव्याचे नसतात. पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूंनी परतणाऱ्या प्रकाशाच्या खेळाचे असतात. पापुद्रा जसजसा जाड होतो तसतसे ते क्रमाने बदलतात: आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, जांभळा, निळा, पुढे पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा, आणि शेवटी करडा-काळा. नाणे जुन्या कागदात गुंडाळलेले असेल, रबराने बांधलेले असेल, तर हे काम लवकर होते. रबरात गंधक असतेच, आणि रबर जिथे टेकले तिथे काळी रेघ उमटते. अमेरिकेत तर जुने चांदीचे डॉलर हजार-हजारांच्या कापडी थैल्यांत वर्षानुवर्षे पडून राहिले. एका नाण्यावर दुसरे तिरके पडलेले. झाकलेला भाग पांढरा राहिला आणि उघड्या भागावर चंद्रकोरीसारखी रंगीत पट्टी आली. अशा नाण्यांसाठी तिकडचे शौकीन जादा पैसे मोजतात. म्हणजे पापुद्रा तोच, पण पातळ असेल तर शोभा आणि जाड असेल तर संशय!

संशय कशाचा? हे समजायला टांकसाळीत जावे लागेल. ज्यांनी प्रेसवर काम केले आहे त्यांना पुढचे सांगायला नकोच. डाय दणक्याने बसते तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा सोडतो. नवे नाणे दिव्याखाली तिरके करून फिरवले की या रेषांवरून उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. ही नाण्याची खरी झळाळी. वापरात नाण्याची सगळ्यांत आधी जाते ती ही झळाळी. चेहऱ्याची झीज नंतर दिसू लागते. घासूनपुसून आणलेली चकाकी निराळी. ती सगळीकडे सारखी असते आणि जागची हलत नाही.

आता छायाचित्राची अडचण ध्यानात येईल. झळाळी ही हालचालीत दिसणारी गोष्ट आहे आणि छायाचित्र स्थिर आहे. पापुद्रा पातळ असला तर एका चित्रातही तिचा अंदाज लागतो. काळ्या, जाड पापुद्र्याखाली मात्र उजेड पोहोचतच नाही, आणि खाली झळाळी शिल्लक आहे की नाही हे चित्रावरून कोणालाही सांगता येणार नाही. जो सांगतो तो अनुमान विकतो.

प्रतवारीची पद्धत पाहिली म्हणजे हे अनुमान किती महाग पडते ते कळते. १ ते ७० असे गुण देण्याची रीत १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थांनी तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडली. गंमत अशी की तो मुळात किमतीचा हिशोब होता: ७० गुणांच्या नाण्याची किंमत १ गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट, अशी कल्पना. किमतींनी ते गणित केव्हाच सोडले, आकडे मात्र राहिले आणि चांदीलाही लागू झाले. यात ६० च्या पुढचे सगळे आकडे न वापरलेल्या नाण्यांचे. ५८ म्हणजे जेमतेम हाताळलेले. ६० ते ७० या पायऱ्या कशावर ठरतात? झळाळी, पृष्ठभागावरचे ओरखडे, ठशाची ठसठशीतता आणि एकंदर देखणेपणा यांवर. म्हणजे काळा पापुद्रा नेमके जे झाकतो त्यावरच! ज्या अमेरिकन कंपन्या नाण्याला प्रत देऊन प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात, त्यांतल्या दोन प्रमुख कंपन्या १९८६ आणि १९८७ मध्ये निघाल्या. त्यांचे पारखीसुद्धा नाणे हातात घेऊन दिव्याखाली फिरवतात. नुसत्या चित्रावर प्रत देत नाहीत.

एका कारखान्यात तुकड्यावर मजुरी होती. तपासनीस पेटीतला माल वरून पाहून "नापास" लिहायचा आणि मजुरी कापली जायची. तिथल्या कामगारांची पहिली मागणी दरवाढीची नव्हती. तुकडा हातात घ्या, उजेडात फिरवा, मग काय ते लिहा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नाण्याच्या बाबतीत आम्ही याहून वेगळे काही सांगत नाही.

तरीही चित्र अगदीच मुके नसते. झीज त्यात दिसते. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर गाल, भुवईवरचे केस, मुकुटाचे मणी आणि वस्त्रावरची नक्षी या उंच जागा. पंचम जॉर्जच्या रुपयावर झग्यावरच्या साखळीतला हत्ती पाहावा. (१९११ च्या रुपयावर या हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून घ्यावा लागला.) न झिजलेल्या नाण्यावर खोलगट जागेतला रंग गालावर अखंड चढत जातो. झिजलेल्या नाण्यावर तो उंचवट्यापाशी तुटतो आणि तिथे निराळाच, निस्तेज करडा डाग दिसतो. मात्र इथे एक खोडा आहे. कधीकधी ठसाच हलका पडलेला असतो आणि उंच भाग जन्मापासूनच सपाट असतो. हलक्या ठशाच्या जागी झळाळी असते, झिजेच्या जागी नसते. म्हणजे पुन्हा झळाळीशीच येऊन थांबलो; काळ्या नाण्याच्या चित्रात हा निवाडा होत नाही. अशा वेळी विकत घेणाऱ्याने खालची प्रत धरावी आणि विकणाऱ्याने नाणे प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय ती मान्य करू नये. दोघांचेही वागणे रास्त आहे.

ओरखड्यांचेही असेच वाचन करता येते. ओरखडा पांढरा चकचकीत असेल तर तो रंग चढल्यानंतरचा, म्हणजे अलीकडचा. ओरखड्यातही आजूबाजूचाच रंग असेल तर तो जुना. साऱ्या पृष्ठभागावर एकाच दिशेने बारीक रेघा आणि त्यांवर रंग, असे असेल तर नाणे कोणे एके काळी घासले गेले आणि पुन्हा काळवंडले. आपल्या घरांत हे फार. दिवाळीला रुपया चिंचेने, राखुंडीने, रांगोळीने घासायचा, हळदकुंकू वाहायचे, की पुन्हा वर्षभर वाटीत. शिवाय कित्येक रुपयांना गळ्यात घालण्यासाठी कडी डाखलेली असते. कडी काढली तरी कडेवरची डाखाची खूण राहते, आणि समोरून घेतलेल्या चित्रात कड दिसतच नाही.

फोनचे स्वतःचे काही उपद्व्याप आहेत. पांढऱ्या कापडावर ठेवलेले काळे नाणे फोन आणखी काळे दाखवतो. काळ्या कापडावर ठेवले तर उजेड वाढवून ओरखडे पुसून टाकतो. कमी उजेडात तो चित्र आपल्या मनाने गुळगुळीत करतो आणि बारीक रेघा नाहीशा होतात. रंग भडक करणे तर एका बोटाचे काम. म्हणून रंगीबेरंगी नाण्याचे चित्र आले की आम्ही आधी नाणे धरणाऱ्याचे बोट पाहतो. बोट भोपळ्यासारखे केशरी असेल तर नाण्याच्या निळ्या-जांभळ्यावर विश्वास ठेवायचे कारण उरत नाही. तसेच रंग मघाशी सांगितलेल्या क्रमाने एकमेकांत विरघळत नसतील, एकदम उड्या मारत असतील, तर कोणीतरी गंधक किंवा आच देऊन घाईने रंग चढवल्याची शंका घ्यावी.

मग घरच्या माणसाने काय करावे? नाणे धुऊ नये, हे पहिले. बाजारात मिळणाऱ्या द्रावात बुडवले तर काळा पापुद्रा जातो खरा, पण पापुद्रा चांदीचाच झालेला असतो. त्याच्याबरोबर त्या बारीक रेषाही जातात आणि खाली उरते ती मेलेली, खरबरीत पांढरी चांदी. काळ्या नाण्याचे निदान मूल्यमापन तरी होऊ शकते. नाणे करड्या पुठ्ठ्यावर ठेवावे, शेजारी पांढऱ्या कागदाचा कपटा असू द्यावा, म्हणजे रंग खरा की खोटा ते कळते. छापा, काटा आणि कड, तिन्हींची चित्रे घ्यावीत. पंचम जॉर्जचा रुपया असेल तर मागच्या बाजूचे तळाचे कमळ जवळून घ्यावे. त्याखालचा उठावाचा बारीक ठिपका मुंबईच्या टांकसाळीची खूण आहे आणि काळेपणात तो सहज हरवतो. सगळ्यांत उपयोगाचे म्हणजे एकाच दिव्याखाली नाणे सावकाश तिरके करत घेतलेले हलते चित्र. अर्ध्या मिनिटाचे पुरते. उजेडाचा पट्टा फिरताना दिसला तर पापुद्र्याखाली काहीतरी जिवंत आहे, आणि मग वजनाच्या भावाची बोलणी तिथेच थांबवता येतात. पट्टा नाहीच दिसला, तर सोनाराच्या काट्यावर वजन करावे, ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरते का ते पाहावे, त्या दिवशीचा चांदीचा भाव विचारावा आणि त्याहून कमी एक पैसाही घेऊ नये.