मोटारीचा विमा आणि माणसाची पत



'पत' हा आपल्या भाषेंतील जुना आणि भारदस्त शब्द आहे. पूर्वीं माणसाची पत सावकाराच्या वहींत आणि गांवकऱ्यांच्या तोंडीं असे. आतां ती तीन आंकड्यांत मांडली जाते. आपल्याकडे २००० सालीं 'सिबिल' ही संस्था निघाली, २००५ सालीं पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला, आणि आज अशा चार कंपन्या आपलीं कर्जें, भरलेले हप्ते व चुकलेले हप्ते यांची नोंद ठेवून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान गुण देतात. शाळेंतील प्रगतिपुस्तक वर्षाअखेर बंद तरी होतें. हें पुस्तक मात्र सदैव उघडें असतें.

या गुणांची धास्ती कांहीं घरांत इतकी बसली आहे कीं, मोटारीचा विमा उतरवितांना चार कंपन्यांकडे दर विचारावयासहि माणसें कचरतात. चार दारीं चौकशी केली, तर चार वेळां पत तपासली जाईल व गुण उतरतील, अशी त्यांची शंका. मग पहिला सांगेल तो दर मान्य करून हे लोक मोकळे होतात. ही शंका कितपत खरी, हें आज आपण पाहूं.

शंकेचें मूळ मोटारींच्या दुकानांतच आहे. तेथें कर्जाचा अर्ज व विम्याचा अर्ज एकाच टेबलावर, एकाच बैठकींत पुढें येतात. आपण दोहोंवर सही करतों, आणि दोन्ही व्यवहार मनांत एकच होऊन बसतात. वस्तुतः ते एकमेकांच्या उलट आहेत. कर्जांत बँक आपणांवर विश्वास टाकून आधीं पैसा देते. म्हणून ती आपली पत तपासते. त्या तपासणीची नोंद अहवालांत राहते, आणि थोड्या दिवसांत अनेक ठिकाणीं कर्ज मागितल्यास गुण घटूंहि शकतात. विम्यांत मात्र पैसा आधीं आपण देतों. प्रीमियम हातीं पडल्यावांचून विमा कंपनीनें जोखीम पत्करूं नये, असें १९३८ च्या विमा अधिनियमाचें कलम ६४-व्हीबी सांगतें. जेथें उधारीच नाहीं, तेथें उधार घेणाऱ्याची परीक्षा कशाला?

आतां दर कसा ठरतो तें पाहूं. मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. दुसऱ्याच्या जीविताची व मालमत्तेची हानि भरून देणारा भाग कायद्यानें सक्तीचा आहे, आणि त्याचा दर सरकार ठरवितें. २०२२ सालीं ठरलेल्या दरांप्रमाणें १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खाजगी मोटारीस वर्षाला २०९४ रुपये, १५०० पर्यंतच्या मोटारीस ३४१६ रुपये व त्यापुढील मोटारीस ७८९७ रुपये असा हा दर होता. तो राव-रंक सर्वांना सारखा. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा. त्याचे दर २००७ च्या जानेवारीपासून कंपन्यांवर सोपविले गेले. मोटारीची किंमत, तिचें वय, इंजिनाची शक्ति, नोंदणीचें ठिकाण आणि पूर्वीं भरपाई मागितली कीं नाहीं, या गोष्टींवर ते मुख्यतः ठरतात. म्हणून याच भागासाठीं चार दारें ठोठावण्यांत अर्थ आहे; आणि केवळ दर विचारल्यानें कर्जाची पत उणावत नाहीं.

विम्याच्या जगांतहि एक पत आहे, पण ती निराळी. एक वर्ष भरपाई न मागितल्यास स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियममध्यें २० टक्के सूट मिळते, आणि ती वाढत वाढत पांच वर्षांनीं ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट मोटारीची नसून मालकाची असते. जुनी मोटार विकून नवी घेतली, तरी ती आपल्याबरोबर येते. परंतु विमा संपल्यावर ९० दिवसांच्या आंत तो पुन्हां न उतरविल्यास वर्षांची ही कमाई बुडते.

मग कर्जाची पत व मोटारविमा यांची सांगड लोकांच्या कानीं आली कोठून? ती बहुधा अमेरिकेंतून. तेथें स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाहीं. त्या देशांतील बहुतेक राज्यांत विमा कंपन्या कर्जाच्या इतिहासावरून एक वेगळा गुणांक काढून दर ठरवितात. नव्यानें गेलेल्या माणसास तेथील कर्जाचा इतिहासच नसतो, मग तो गाडी कितीहि जपून हांको. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स व हवाई या राज्यांनीं मोटारविम्यांत ही पद्धति चालूं दिलेली नाहीं. २००७ सालीं तेथील फेडरल ट्रेड कमिशननें असा निष्कर्ष काढला कीं, हा गुणांक जोखमीचा अंदाज देतो खरा, पण कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक लोक त्याच्या खालच्या पायऱ्यांवर अधिक आढळतात. तेथेंसुद्धां विम्याचा दर विचारतांना होणारी तपासणी सौम्य समजली जाते; तिनें कर्जाचे गुण कमी होत नाहींत.

तर मग आपल्याकडे या दोहोंचा कांहींच संबंध नाहीं काय? आहे, आणि तो दर विचारण्याच्या वेळीं नव्हे, तर संकटाच्या वेळीं प्रकट होतो. आमच्या वरसाव्याच्या नाक्याचें उदाहरण घ्या. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग आणि ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता तेथें मिळतात. खाडीवर २०२३ सालीं नवा पूल झाला. त्या वाटेनें अवजड मालमोटारींची ये-जा रात्रंदिवस चालते. समजा, कर्जावर घेतलेली एखादी मोटार तेथें मालमोटारीखालीं चिरडली. विमा चालू असेल, तर भरपाईंतून आधीं बँकेचें देणें भागतें व उरलेलें मालकास मिळतें. विम्याची मुदत संपलेली असेल, तर मोटार जाते, पण हप्ते राहतात. ते चुकूं लागले कीं पतहि जाते. वर दुसऱ्या कोणास इजा झाली असल्यास तिची भरपाई मालकाच्या खिशांतून, आणि पहिल्या अपराधाला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. विमा चालू ठेवणें हेंच पतीचें खरें रक्षण होय.

यासाठीं प्रीमियम वांचविण्याच्या हव्यासानें मोटारीची विम्यांतील किंमत उगाच कमी लावूं नये. रूढ कोष्टकाप्रमाणें दोन ते तीन वर्षांच्या मोटारीची किंमत आधींच ३० टक्क्यांनीं घटलेली असते. ती आणखी खालीं आणली, तर भरपाई कर्जालाहि पुरत नाहीं. तसेंच प्रीमियम महिन्याच्या हप्त्यांनीं भरण्याची सोय कोणी पुढें केली, तर तें कर्जच आहे असें समजून कागद वाचावा; तेथें मात्र पत तपासली जाऊं शकते.

दुकानदार सांगेल तोच विमा घेण्याचें बंधन आपणांवर नाहीं. २०१७ सालीं विमा नियामक प्राधिकरणानें मोटारविक्रेत्यांसाठीं ज्या सूचना काढल्या, त्यांतहि निवड ग्राहकाचीच मानली आहे. आणि आपला पतअहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षांतून एकदां विनामूल्य मिळतो. तो स्वतः पाहिल्यानें गुण कमी होत नाहींत.

तात्पर्य, विम्याच्या व्यवहारांत आधीं पैसा देणारे आपण आहों. तेव्हां परीक्षक होण्याचा मान आपला. कायद्यानें ठरविलेल्या किमान राखीव निधीच्या दीडपट निधि प्रत्येक विमा कंपनीनें राखावयाचा असतो, आणि आपली सांपत्तिक स्थिति तिला प्रसिद्ध करावी लागते. ती पाहावी, भरपाई कशी व किती दिवसांत देतात हें विचारावें, चार दर शेजारीं मांडावे. कर्ज मागतांना दारें मोजून ठोठवावीं. विमा विचारतांना मात्र संकोच नसावा. तेथें पत तपासून घ्यावयाची ती आपली नव्हे, कंपनीची.